लग्नाआधी डोळ्यात लेन्स बसवून घ्यावी का?

पत्राचा गोषवारा: यवतमाळ जिल्ह्यात आर्णीजवळच्या एका गावातून २५ वर्षांच्या तरुणीचं पत्र आलं आहे. चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला मायनस ११, डाव्याला मायनस ९.५, शिवाय दोन्हीकडे दोनच्या आसपास सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. काम महा ई-सेवा केंद्रात, दिवसभर संगणकासमोर. दोन स्थळं चष्म्यावरून परत गेली. दुसऱ्या वेळी तर पाहुण्यांपैकी एकजण अंगणातच बोलला, "पोरगी चांगली हाये, पन चष्मा लय जाड हाये." लॅसिक, म्हणजे लेसरने नंबर घालवण्याचं ऑपरेशन, करावं म्हणून त्या नागपूरला एका दवाखान्यात गेल्या. तिथे सांगितलं की कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेची, जाडी ४८८ मायक्रॉन आहे, लॅसिक होणार नाही, डोळ्यात लेन्स बसवू, दोन्ही डोळ्यांचे मिळून २ लाख ४० हजार होतील. वडील यंदाचा कापूस विकून आणि उरलेले पतसंस्थेतून उचलून पैसे भरायला तयार आहेत. एक स्थळ जुळत आलं आहे, एप्रिलमध्ये लग्न उरकायचं घरच्यांच्या मनात आहे. त्या विचारतात : चष्मा कायमचा जाईल ना? पाहुण्यांना सांगावं का? डोळ्यात भिंग घेऊन वावरातली कामं, चूल, पुढे बाळंतपण जमेल का? जाता जाता त्यांनी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत : दीड वर्षापूर्वी उजव्या डोळ्याचा नंबर १० होता, आणि उन्हाळ्यात डोळे फार खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेले थेंब त्या अधूनमधून टाकतात.

ताई,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे येतोच. पण आधी त्या शेवटच्या दोन ओळी. तुम्हाला त्या किरकोळ वाटल्या असतील, पण ऑपरेशन व्हावं की नाही हे बरंचसं त्यांच्यावरच ठरणार आहे.

डोळ्यात लेन्स बसवण्याआधी, म्हणजे ज्याला आयसीएल म्हणतात ते करण्याआधी, नंबर किमान एक वर्ष जागचा हललेला नसावा लागतो. अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडला असेल तर थांबायचं. तुमचा दीड वर्षात एक नंबर वाढला आहे. पंचविशीत असं का होतं, हे शोधल्याशिवाय लेन्सची ऑर्डर देणं म्हणजे अंगाचं माप न घेता कपडा बेतणं.

कारण साधंही असू शकतं. शिबिरात नुसत्या मशीनवर काढलेला नंबर, दिवसभर स्क्रीनकडे पाहून ताणलेले डोळे, चष्म्याच्या दुकानातली घाई, यातल्या कशानेही नंबर जास्त निघतो. म्हणून तपासणीत बाहुली मोठी करणारे आणि डोळ्याचा ताण सोडवणारे थेंब टाकून नंबर काढायला सांगा. त्यासाठी नागपूरला जाताना गेल्या चार-पाच वर्षांतल्या नंबराच्या चिठ्ठ्या न्या. चिठ्ठ्या हरवल्या असतील तर जुने चष्मे न्या, काचेवरून नंबर मोजता येतो.

कारण गंभीरही असू शकतं. खाज, डोळे चोळणं, दोनचा सिलिंडर, पातळ कॉर्निया आणि वाढता नंबर या पाच गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात केराटोकोनसचा संशय यायलाच हवा. यात कॉर्निया मधोमध पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. डोळे चोळण्याने तो वाढतो, आणि आपल्याकडच्या उन्हाधुळीत ॲलर्जीने डोळे चोळणारे काय कमी आहेत? हे निदान कॉर्नियाच्या टोपोग्राफीत होतं : रंगीत नकाशा निघतो, आणि पेंटाकॅमसारखं यंत्र कॉर्नियाच्या मागच्या बाजूचाही नकाशा देतं. तुमची जाडी मोजली आहे, म्हणजे हा नकाशाही निघाला असेल. त्याची प्रत मागून घ्या आणि विचारा, केराटोकोनस नाही ना? असेल तर आधी क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्निया घट्ट करण्याचा उपचार, करून तो थांबवतात आणि लेन्सचा विचार पुढे ढकलतात. वेड्यावाकड्या झालेल्या कॉर्नियातून मिळणारी अंधूक नजर आत लेन्स बसवून स्वच्छ होत नाही.

आता ते मेडिकलमधले थेंब. बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन यांतलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत जाते म्हणून लोक पुन:पुन्हा तीच बाटली आणतात. महिनोन्महिने वापरलं तर डोळ्याचं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, कमी वयात मोतीबिंदूही होतो, आणि मोतीबिंदूनेही नंबर वाढू शकतो. थेंब आपल्या मनाने टाकणं थांबवा आणि डॉक्टरांना बाटली दाखवा. लपवू नका, ऑपरेशननंतरही काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब द्यावे लागतात, आणि तुमच्या डोळ्याचं प्रेशर त्याने चढतं का, हे त्यांना आधी कळायला हवं.

लॅसिकला नाही म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तुमचं भलंच केलं, हेही सांगून टाकतो. हिशेब असा : चष्म्यातला मायनस ११ प्रत्यक्ष कॉर्नियावर मोजला तर साधारण ९.७ भरतो, कारण चष्मा डोळ्यापासून बारा-एक मिलिमीटर दूर असतो. लॅसिकमध्ये एका नंबराला ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन कॉर्निया घासावा लागतो. म्हणजे सिलिंडर न धरताच १२० ते १४५ मायक्रॉन गेला. घासण्याआधी उचलतात ती वरची पापुद्र्यासारखी चकती ११० मायक्रॉनची. ४८८ मधून हे वजा करा. खाली उरतो तो थर २५० च्या आगेमागे. २५० च्या खाली कोणी जाऊ नये असा संकेत आहे, आणि सावध सर्जन ३०० धरतात. दुसऱ्या कोणी "आम्ही लॅसिक करून देतो, स्वस्तात" म्हटलं तरी जाऊ नका.

कोणी असंही सुचवेल की मोतीबिंदूत करतात तसं मूळ भिंगच काढून कृत्रिम टाकू. पंचविशीत हे नको. जवळचं पाहायची नैसर्गिक ताकद त्याच दिवशी जाते, आणि मोठ्या मायनस नंबरात डोळ्यामागचा पडदा सुटायचा धोका वाढतो.

आयसीएलमध्ये तुमचं मूळ भिंग जागेवरच राहतं. त्याच्या पुढे आणि डोळ्याच्या रंगीत पडद्याच्या मागे जी चिंचोळी फट असते, तिथे ही पातळ लेन्स बसते. ती कोलॅमर नावाच्या मऊ पदार्थाची असते, ज्यात थोडं कोलॅजन असतं. अमेरिकेत या लेन्सला २००५ मध्ये मान्यता मिळाली, मधोमध ०.३६ मिलिमीटरचं भोक असलेल्या नव्या नमुन्याला तिथे २०२२ मध्ये. त्या भोकातून डोळ्यातलं पाणी वाहतं राहतं, म्हणून पूर्वीसारखी लेसरने रंगीत पडद्याला भोकं पाडावी लागत नाहीत. भारतात गुजरातेत बनणारी आयपीसीएलही मिळते, हायड्रोफिलिक ॲक्रिलिकची. ती स्वस्त पडते, पण तिच्यामागचा अनुभव कमी वर्षांचा आहे. २ लाख ४० हजारांत नेमकी कोणती लेन्स आहे, हे कागदावर लिहून घ्या. तुमच्या सिलिंडरसाठी टोरिक, म्हणजे तिरका नंबरही घालवणारी लेन्स लागेल. ती महाग असते आणि तुमच्या मापाची मागवावी लागते, त्यात काही आठवडे जाऊ शकतात.

ऑपरेशन छोटं असतं. सुन्न करणारे थेंब टाकतात, कडेला सुमारे ३ मिलिमीटरची चीर घेतात, आत जेल भरतात, घडी केलेली लेन्स नळीतून सोडतात. ती आत हळूहळू उलगडते, मग तिचे चार कोपरे रंगीत पडद्यामागे सारायचे आणि जेल धुऊन काढायचं. टाका बहुधा लागत नाही. एका डोळ्याला वीसेक मिनिटं.

सगळी मेख मापात आहे. लेन्स आणि मूळ भिंग यांच्यात जी जागा राहते तिला व्हॉल्ट म्हणतात. ती साधारण २५० ते ७५० मायक्रॉन असावी. लेन्स मोठी पडली तर ती रंगीत पडद्याला पुढे ढकलते, पाणी निघायची वाट अरुंद होते आणि प्रेशर चढतं. लहान पडली तर मूळ भिंगाला टेकते आणि मोतीबिंदू धरायला लागतो. टोरिक असेल तर जागची फिरते आणि सिलिंडर पुन्हा दिसायला लागतो. कोलॅमरची लेन्स १२.१, १२.६, १३.२ आणि १३.७ मिलिमीटर अशा चारच मापांत येते, म्हणून डोळ्याच्या काळ्या भागाची एका पांढऱ्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रुंदी आणि आतली खोली नीट मोजणं हेच सर्जनचं खरं कौशल्य. माप चुकलं तर लेन्स बदलता येते. तो खर्च कोणाचा, हे आधी विचारा. टोरिक सरळ करून बसवायची वेळ आली तर त्याचेही वेगळे पैसे का, हेही त्याच बैठकीत.

मापात आणखी दोन आकडे मागा. डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली किमान २.८ मिलिमीटर हवी, बरेच सर्जन ३ मागतात; मायनसवाल्या लांबट डोळ्यात ती सहसा पुरते. दुसरा आकडा कॉर्नियाच्या आतल्या पेशींचा. पंचविशीत दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० ते ३००० असतात. या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत, आणि लेन्स बसवल्यावर त्या थोड्याफार कमी होतात. म्हणून आज किती आहेत हे नोंदलेलं पाहिजे.

आणि आता ती तपासणी, जिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. ४८८ हा आकडा पुढच्या काचेचा. मागच्या पडद्याचं, रेटिनाचं काय? मायनस ११ म्हणजे डोळा मागे लांब वाढलेला आहे आणि रेटिना ताणलेली आहे. तिच्या कडांना विरळ पट्टे किंवा बारीक छिद्रं असू शकतात, आणि ती दुखत नाहीत. बाहुली मोठी करून, डोक्याला दिवा लावून डॉक्टर कडेपर्यंत पाहतात, तीच तपासणी हवी. नुसता मधला फोटो पुरत नाही. छिद्र सापडलं तर त्याभोवती लेसर मारून घेतात आणि काही आठवडे जाऊ देऊन मग लेन्स. ही तपासणी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, सेवाग्रामला किंवा नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजमध्ये अगदी कमी पैशांत होते. लेन्सचे पैसे भरण्याआधी हे एवढं करून घ्या, आणि लेन्स विकणाऱ्या दवाखान्याबाहेर करून घेतलं तर उत्तमच.

"चष्मा कायमचा जाईल ना?" याचं उत्तर इथूनच निघतं. सगळं बरोबर बसलं तर दूरचा चष्मा बहुतेक जातो. उलट जाड चष्म्यातून वस्तू बारीक दिसतात, लेन्सने त्या खऱ्या आकाराच्या दिसतात, त्यामुळे काहींना चष्म्यापेक्षाही एखादी ओळ जास्त वाचता येते. पण आज चांगल्या चष्म्यातून जेवढी नजर मिळते, साधारण तेवढ्याचीच अपेक्षा धरा. चाळिशीनंतर वाचायला चष्मा इतरांसारखाच लागेल. पुढे मोतीबिंदू झाला की ही लेन्स काढून टाकतात आणि नेहमीची बसवतात. डोळ्याचा लांबटपणा मात्र तसाच राहतो. रेटिना सुटण्याचा धोका चष्म्यासोबत जात नाही. म्हणून दरवर्षी प्रेशर, व्हॉल्ट, पेशींची संख्या आणि रेटिना, चारही तपासायचं. हा खर्च आणि नागपूरच्या खेपा जन्मभराच्या आहेत, त्या २ लाख ४० हजारांत धरलेल्या नाहीत.

पैशांचं एक. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत चष्म्याच्या नंबराचं ऑपरेशन बसेल, या आशेवर राहू नका. खाजगी आरोग्य विमा असेल तर मात्र पॉलिसी काढून वाचा : ७.५ पेक्षा कमी नंबराचा खर्च विमा कंपन्या सरसकट वगळतात, तुमचा त्याहून जास्त आहे. प्रतीक्षा कालावधी संपलेला असेल तर ऑपरेशनच्या आधी लेखी मंजुरी मागता येते. पतसंस्थेचं कर्ज काढण्यापूर्वी एवढं तरी करून पाहा. कापसाच्या पैशातून पुढच्या हंगामाचं बियाणं-खत निघतं, हे तुमच्या वडिलांना मी सांगायची गरज नाही.

एप्रिलचा मुहूर्त मला पटत नाही. नंबर थांबला आहे का हे पाहायलाच काही महिने हवेत. टोरिक मागवण्यात वेळ जातो, दोन डोळ्यांमध्ये सहसा काही दिवसांचं अंतर ठेवतात, आणि त्यानंतर महिनाभर थेंब. त्यात हळदीचा कार्यक्रम. चेहऱ्याला चोळलेली हळद, अक्षता, होमाचा धूर, डोळ्यात काजळ, यांतलं एकही ताज्या चिरेला सोसणारं नाही. ऑपरेशन आणि हळद यांत दोन महिने तरी हवेत. उलट बाजूही खरी आहे : गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे ऑपरेशन करत नाहीत, त्या काळात नंबरही हलतो. लग्नानंतर करू म्हटलं तर दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. लग्नच पुढच्या हंगामात ढकलता आलं, तर नंबरही पारखला जाईल आणि घाईही होणार नाही.

ऑपरेशन झालंच तर त्या रात्री गावाकडे निघू नका. आत थोडं जेल राहिलं तर पहिल्या काही तासांत प्रेशर चढतं. म्हणून दोन-चार तासांनी आणि दुसऱ्या सकाळी ते मोजतात. दवाखान्याजवळ खोली घ्या. डोळा-कपाळ ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, नजर धुरकट झाली, तर दुखण्याची गोळी घेऊन झोपू नका, तेव्हाच्या तेव्हा दवाखाना गाठा. पुढच्या काही दिवसांत डोळा जास्त लाल, जास्त दुखरा आणि नजर कमी होत गेली तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. क्वचित होतो, पण तासांचा हिशेब असतो. यवतमाळ-आर्णीत वेळ घालवू नका, थेट सर्जनकडे.

वावराचं म्हणाल तर आठवडाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोक्यावरून आंघोळ नाही, चुलीपुढे बसायचं नाही. कापूस वेचणी, सोयाबीनची मळणी, फवारणी चाललेल्या धुऱ्यावरून जाणं, हे महिनाभर टाळा. पुढेही मळणीच्या भुशात आणि फवारणीत बंद गॉगल वापरा, तो लेन्स नसलेल्यांनीही वापरावा. नंतर सगळी कामं करता येतात, वाकता येतं, ओझं उचलता येतं. डोळा चोळणं मात्र कायमचं बंद. रात्री दिव्याभोवती वलयं दिसतात, समोरच्या गाडीचा हेडलाइट पसरतो. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते, तोवर रात्री स्कूटी नको. आणि दवाखान्यातून लेन्सचं कार्ड मागून घ्या : नमुना, ताकद, माप आणि क्रमांक. वीस-तीस वर्षांनी मोतीबिंदू करणाऱ्या डॉक्टरला ते लागेल.

बाळंतपणाबद्दल धास्ती नको. नुसता नंबर जास्त आहे म्हणून सिझर करायचं, असा नियम नाही. गरोदरपणात एकदा रेटिना दाखवून ठेवा, बस.

पाहुण्यांना सांगावं का? सांगा, आणि बोलणी पक्की व्हायच्या आत सांगा. दरवर्षी तपासणीला जाणारी सून हे किती दिवस झाकणार? शिवाय लेन्सने तुमचा नंबर झाकला जातो, पोराबाळांत जायचा तो जाऊ शकतो. हे कळल्यावर जे घर मागे फिरेल, ते लग्नानंतर कळलं असतं तर काय वागलं असतं, याचा विचार तुम्ही आणि तुमच्या आईवडिलांनी बसून करा. ऑपरेशन करायचंच असेल तर ते तुम्हाला रोज सकाळी उठल्याबरोबर चष्मा चाचपडावा लागतो म्हणून करा. अंगणातल्या त्या एका वाक्यासाठी २ लाख ४० हजार जास्त होतात.

तोवर मधला मार्ग : १.६७ किंवा १.७४ इंडेक्सची, म्हणजे त्याच नंबराला पातळ बनणारी काच, छोटी गोलसर फ्रेम, अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग. मायनस काच कडेला जाड असते, म्हणून फ्रेम जितकी छोटी तितका चष्मा बारीक दिसतो. मोठ्या चौकोनी फ्रेममध्ये महागडी काचही जाडच दिसते. कॉन्टॅक्ट लेन्सही चालतील, पण ती बोअरच्या किंवा नळाच्या पाण्याने कधी धुवायची नाही, लावून झोपायचं नाही, वावरात घालायची नाही. काडीकचरा लागून होणारं बुरशीचं इन्फेक्शन डोळा घालवतं. आणि टोपोग्राफी किंवा लेन्सच्या मापाला जाण्याआधी मऊ लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर मापच चुकतं.

ता. क. तुमच्या १६ वर्षांच्या भावाचा नंबर ६ आहे आणि दवाखाना दोघांचं मिळून सवलतीत करून देतो म्हणतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. त्याचं आत्ता नाही. वयाच्या २१ आधी ही लेन्स बसवत नाहीत, त्याचा नंबर अजून वाढायचा आहे. त्याला सोबत न्या, पण फक्त रेटिना दाखवायला. डोळ्यात वीज चमकल्यासारखी वाटली, अचानक काळे ठिपके उडायला लागले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी सांगायचं, हे त्याला आणि आईला समजावून ठेवा. त्या दिवशी चष्म्याच्या दुकानात जाऊन उपयोग नाही. रेटिनाचे डॉक्टर जिथे बसतात तिथेच गाडी वळवायची.